चेहरे राखाडी का झाले?

‘संगणक कक्षात मुले गेम घेऊन बसतात,’ अशी तक्रार गेल्या पालकसभेत झाली. तक्रार अगदीच खोटी नाही. पण त्या गेमच्या निमित्ताने जे घडले ते संगणक शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना सांगावेसे वाटते.

नववीच्या मुलांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याला फोटो दिला की तो जुन्या व्हिडिओ गेमच्या रंगांत बसवून देतो. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राचे रंग त्यांनी घेतले. (त्याच्या नकला आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या जात. तक्रार करणाऱ्या पालकांपैकी काहींनी त्या नक्की खेळल्या असतील!) या यंत्राकडे रंग पन्नासच्या आसपास, आणि पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त २५. त्यातही पार्श्वभूमीच्या १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकटीत तीन रंग, आणि चौथा सगळ्या चित्राला सामाईक. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधले ढग आणि झुडपे हे म्हणूनच एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेले.

लक्ष्मी विलास राजवाड्याचा फोटो छान उतरला. मग मुलांनी वर्गाचा फोटो दिला, तर सगळे चेहरे राखाडी! एक मुलगी म्हणाली, “सर, आम्ही सगळे आजारी दिसतोय.”

चूक शोधली, तर गणित बरोबर होते. प्रोग्राम आकड्यांनी सर्वांत जवळचा रंग निवडतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत लाल १५०, हिरवा १०५, निळा ८० असे काहीसे प्रमाण येते. तक्त्यातल्या तपकिरी रंगात निळा जवळजवळ नाहीच. राखाडीत मात्र तिन्ही ११७, म्हणून तोच जवळचा ठरतो. डोळ्याला हिरवा अधिक जाणवतो, म्हणून त्याला जास्त वजन देऊन पाहिले. तरी राखाडीच.

शेवटी चित्रकलेच्या बाईंना बोलावले. त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत. सावलीला तपकिरी, उजेडाला फिका नारिंगी, मध्ये दोन्हींचे ठिपके आलटून पालटून, असे सांगून त्या निघून गेल्या. चेहरे माणसांचे झाले.

आम्हा बडोदेकरांना यात नवल वाटायला नको. राजवाड्यात ज्यांची तैलचित्रे आहेत त्या रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. कुठली छटा कुठल्या दगडावर जाईल, हे कारागिराची नजर ठरवी.

आता मुद्द्याचे. येत्या वर्षी चित्रकलेचा एक तास काढून संगणकाला द्यावा, अशी सूचना आली आहे. तास आम्हालाच मिळणार, तरी आमचा तिला विरोध आहे. तो तास बाईंकडेच राहावा, आणि शनिवारी त्यांना अर्धा तास आमच्या कक्षात येऊ द्यावे. मुलांच्या प्रोग्राममध्ये हाताने रंग बदलण्याची सोय अजून करायची आहे, आणि वर्गाच्या फोटोतली मागची रांग राखाडीच आहे.