आदर्श दिवस कोणत्या गावचा?

‘आपला आदर्श दिवस कल्पून लिहा’ असे म्हटले, की आपल्या परप्रांतस्थ अधिकारीबंधूंची लेखणी तडक पुण्यास पोचते. पहाटे पर्वती, दुपारी वामकुक्षी, सायंकाळी नाटक. आणि तारीख निवृत्तीनंतरची! यास आम्ही आदर्श म्हणत नाही. हा नुसता रजेचा अर्ज झाला. ज्या गावचे अन्न आपण वर्षानुवर्षे खातो, तेथली भाषा, तेथला शेजारी, कचेरीच्या दारी तिष्ठणारा अर्जदार यांपैकी एकासही या दिवसात जागा नसावी?

कालिदासाचा यक्षही स्वामीच्या आज्ञेने वर्षभर दूर पडलेला सेवकच. त्याचे चित्त अलकेत. तरी मेघास वाट सांगताना विदिशा, उज्जयिनी, शिप्रा यांवर तो जीव ओवाळतो. त्या ‘मेघदूता’स मराठीत आणणारे चिंतामणराव देशमुख हे सनदी अधिकारीच, १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कचेरी आणि काव्य एका आयुष्यात नांदू शकतात, मग एका दिवसात का नांदू नयेत?

तेव्हा बंधूंनो, तो कागद पुन्हा पुढे ओढा. वर उद्याची तारीख आणि याच गावाचे नाव घाला. उद्या ज्याची एक घटकाही आपण जगू शकत नाही, तो दिवस निवृत्तीनंतर पुण्यातही उगवणार नाही.