मॅटीची पत्रे आणि ‘आपली’ जमीन

मॅटी ऑब्लिंगर १८७३च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या फिलमोर काउंटीत पोहोचली. तिच्यासमोर घर म्हणून जे उभे होते ते मातीचे होते, आणि आपल्याकडच्या मातीच्या घरासारखेही नव्हते. त्या माळरानावर गवताच्या मुळांची जाळी इतकी घट्ट विणलेली असे, की खास नांगर घातला की घोंगडीची पट्टी सुटावी तशी जमीन लांबच लांब सुटून येई. त्या पट्टीचे तुकडे करायचे, गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचायचे. भिंत दोन-अडीच फूट रुंद होई. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. पावसात मात्र छत गळायचे आणि पाऊस उघडल्यावरही चिखलाचे थेंब टपकत राहायचे. म्हणून बायका आढ्याखाली पातळ कापड ताणून बांधत, निदान शिजणाऱ्या भांड्यात माती पडू नये म्हणून.

अशा घरातून मॅटीने इंडियानातल्या माहेरी पत्रे लिहिली. तिचा नवरा युराया यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला शिपाई. तो १८७२ साली पुढे येऊन जमीन धरून बसला होता, बायको आणि लहान मुलगी मागाहून आली. त्या कुटुंबाची १८६२पासूनची तीनशेहून अधिक पत्रे आज नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेत जपलेली आहेत. त्यांत लढाईवरून आलेली प्रेमपत्रे आहेत, पिकांची खबर आहे, कोण आजारी, कोणाचे लग्न ठरले, काय भाव मिळाला, हेही आहे. अमेरिकेच्या ‘पायोनियर’ माणसांवर किती कादंबऱ्या आणि चित्रपट निघाले याला गणती नाही. मला त्या सगळ्यांपेक्षा ही पत्रे मोलाची वाटतात, कारण ती आपल्यासाठी लिहिलेली नाहीत. ती घरच्या माणसांसाठी लिहिली आहेत, आणि घरच्यांना चुलीपासूनचे सगळे सांगावे लागते.

त्याच नेब्रास्कातली एक गोष्ट. सॉलोमन बुचर नावाचा छायाचित्रकार १८८६पासून कस्टर काउंटीत घरोघर फिरून कुटुंबांची छायाचित्रे काढत होता. एका घरच्या बाईला पूर्वेकडच्या नातलगांना आपले मातीचे घर दाखवायचे नव्हते. मग घरातला ऑर्गन बाहेर अंगणात आणला गेला आणि सगळे कुटुंब त्याच्याभोवती उभे राहिले. त्या बाईचा मला जराही राग येत नाही. माहेरच्यांनी आपली कीव करू नये, असे कोणाला वाटत नाही? पण मॅटीने वेगळी वाट धरली. ढेकळांच्या घरात राहते म्हणून मी दुःखात असेन असे समजू नका, असे तिने सरळ लिहून टाकले. आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते, हेही लिहिले. आणि त्याचे कारण दिले: हे आमचे आहे, इथून कोणी उठ म्हणणार नाही, इथे केलेले प्रत्येक काम आमच्यासाठी आहे, त्यातला निम्मा वाटा दुसऱ्याच्या घरी जात नाही.

ज्याच्या आजोबांनी अर्धेलीने दुसऱ्याचे रान केले आहे, त्याला या बोलण्याचे वजन समजावून सांगायला नको. १८६२चा होमस्टेड कायदा लिंकनच्या सहीने झाला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाने १६० एकर धरायचे, पाच वर्षे तिथे राहून जमीन कसायची आणि थोडी फी भरून मालक व्हायचे. विधवेला आणि अविवाहित बाईलाही हा हक्क होता, हे त्या काळाच्या मानाने फार मोठे होते. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला मात्र तो नव्हता. मॅटी ज्या जमिनीला ‘आमची’ म्हणत होती तिच्या कागदावर नाव युरायाचे लागणार होते. तरीही ती आमची म्हणाली, आणि राबली.

कशी राबली असेल, ते त्या मुलखातल्या रोजच्या कामांवरून कळते. झाड नाही म्हणून लाकूड नाही. मग सरपण काय, तर रानशेणी: आधी रेड्यांची, म्हणजे तिकडच्या बायसनची, आणि ते संपल्यावर गुरांची. पूर्वेकडून आलेल्या बायका पहिल्यांदा ती उचलायला कचरत. पुढे त्याच हाताने चुलीत घालून त्याच हाताने पीठ मळत. आपल्याकडच्या बाईला त्यात नवल वाटणार नाही, पण लाकडाच्या ओंडक्यांनी शेकोट्या पेटवणाऱ्या घरातून आलेल्या मुलीसाठी तो केवढा पालट होता.

मॅटी येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ईस्टरच्या रविवारी तिथे हिमवादळ झाले. वसंत आला म्हणून निर्धास्त असलेली माणसे आणि गुरे तीन दिवस त्यात सापडली. पुढच्या वर्षी, १८७४च्या उन्हाळ्यात टोळ आले. मका गेला, भाजी गेली. कांदा जमिनीतून कोरून खाल्लेला आणि मागे नुसते भोक उरलेले, अशी वर्णने त्या वर्षाची आहेत. वाळत घातलेले कपडे आणि अवजारांच्या दांड्यासुद्धा टोळांनी कुरतडल्या. (तो टोळ पुढे तीस वर्षांच्या आत जगातून नाहीसा झाला. माळ नांगरला गेला तेव्हा त्याची अंडी घालण्याची जागाही त्यात नांगरली गेली असावी, असे अभ्यासक मानतात.) अशा वर्षी माहेरी काय लिहायचे? खरे लिहिले तर आई झोपणार नाही, खोटे लिहिले तर मदत येणार नाही. परगावी लेक दिलेल्या प्रत्येक घरात ही पत्रे येत आली आहेत.

आणि १८८०मध्ये मॅटी बाळंतपणात गेली. पोटच्या मुली लहान होत्या. युरायाने पुढच्या वर्षी दुसरे लग्न केले, संसार पुन्हा मांडला, पण एका जागी त्याचा पाय ठरला नाही. तो १९०१मध्ये वारला. जिथून कोणी उठ म्हणणार नव्हते त्या जागेवर मॅटीला सात वर्षेही मिळाली नाहीत. ती माझ्यापर्यंत पोहोचली, कारण इंडियानातल्या कोणीतरी तिची पत्रे चुलीत घातली नाहीत. आमच्या घरी कार्डे तारेच्या आकड्यात ओवून ठेवलेली असत. आजी गेल्यावर ती तार रद्दीत गेली. त्यात कोणाचे सुख लिहिले होते ते आता मला कधीच कळणार नाही, आणि ते मनाला लागून राहिले आहे.

पण जपलेल्या पत्रांवर जीव जडला म्हणून त्यांत जे नाही ते विसरून चालणार नाही. ‘आमचे’ या शब्दाखालची जमीन मोकळी पडलेली नव्हती. प्लॅट नदीच्या दक्षिणेचा तो मुलूख पॉनी या मूळ रहिवासी लोकांचा होता. १८३३च्या तहात त्यांनी तो सोडून दिला, म्हणजे त्यांच्याकडून सोडवून घेतला गेला. मॅटी आपले सुख लिहीत होती त्याच १८७३च्या उन्हाळ्यात पॉनींची टोळी, बायका-मुलांसह, बायसनच्या शिकारीला निघाली होती. ५ ऑगस्टला लकोटा जमातीच्या योद्ध्यांनी त्यांना एका घळीत गाठले. पुष्कळ पॉनी मारले गेले. नव्या वसाहतीच्या रेट्यात बायसन संपत चालला होता आणि उरलेल्या शिकारीसाठी दोन्ही जमाती एकमेकींवर ढकलल्या जात होत्या, हे त्या घळीमागचे कारण. त्यानंतर दोन-तीन वर्षांत पॉनींना लूप नदीकाठची राखीव जागाही सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. त्या वाटेवर आणि नव्या जागी त्यांची किती माणसे दगावली असतील, याची खबर कळवणारे त्यांच्यातल्या कोणा लेकीचे पत्र ऑब्लिंगरांच्या पेटीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

यावरून मॅटीला गुन्हेगार ठरवणारे लोक असतात आणि तिला वीरांगना म्हणून चौकात उभी करणारेही. मला दोन्ही मान्य नाही. दुसऱ्याच्या वाट्याने राबून कंटाळलेल्या बाईचे ते सुख खरे होते. ते सुख सरकारने तिला दुसऱ्याच्या घरातून उचलून दिले होते, हेही तितकेच खरे. तिचे पत्र वाचताना ५ ऑगस्ट १८७३ ही तारीख शेजारी ठेवून वाचावी, एवढेच मी म्हणेन. अमेरिकी शाळांत होमस्टेडचा धडा शिकवताना या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत ठेवतात तेव्हा मुलांचे नुकसान होते. एकाच उन्हाळ्याची ती दोन पाने आहेत.

पॉनींनी दक्षिणेला जाताना आपल्या मक्याचे बियाणे बरोबर नेले होते. ओक्लाहोमाच्या मातीत ते नीट धरेना. काही वाणांचे मोजके दाणे घरोघर गाठोड्यांत राहिले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉनींच्या बियाणे राखणाऱ्यांनी त्यातले दाणे नेब्रास्कातल्या बागायतदारांकडे पाठवले. लावणाऱ्यांत जुन्या वसाहतकरांचे वंशजही आहेत. मका आपल्या जुन्या जमिनीत जोमाने आला. आता पीक हाती आले की दाणे ओक्लाहोमाला परत जातात.