हयातीनंतरची तजवीज

आमच्या धामणगाव तालुक्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचा बाप उतारवयाला लागला, की त्या मुलाच्या नावे एक गुंठाही न ठेवता सारे वावर धाकट्याच्या सातबाऱ्यावर चढवावे आणि ‘तू याला सांभाळजो’ एवढ्या बोलावर निश्चिंत व्हावे, हाच मार्ग बहुधा पत्करला जातो. यात निव्वळ भोळेपणा नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी उत्पन्नमर्यादा वार्षिक 50,000 रुपयांची असल्यामुळे, वावर नावावर राहिले तर तहसीलच्या दाखल्यावर उत्पन्नाचा आकडा चढेल आणि नुकतेच दरमहा 2,500 रुपयांवर आलेले अनुदान बंद पडेल, ही धास्ती त्यामागे असते. परंतु धाकट्याच्या पश्चात, किंवा तो कर्जात बुडाला तर त्याच्या डोळ्यांदेखतच, ते वावर वारसांच्या वा बँकेच्या अखत्यारात जाते, आणि थोरल्याचा त्यावर कागदोपत्री काडीचाही हक्क उरत नाही.

1882 च्या भारतीय न्यास अधिनियमान्वये बापाला नोंदणीकृत दस्तऐवजाने किंवा मृत्युपत्राने खासगी न्यास करता येतो. त्यात मिळकत विश्वस्तांच्या नावे राहते, उपभोग मात्र मुलाचा. (धर्मादाय आयुक्तांचा याच्याशी संबंध नाही, तो सार्वजनिक न्यासांचा मामला.) विश्वस्तांच्या मर्जीने खर्च करावयाच्या न्यासावर प्राप्तिकर कमाल दराने बसतो खरा, तथापि अवलंबून असलेल्या आप्तासाठी मृत्युपत्राने केलेला एकमेव न्यास त्यातून वगळलेला आहे, आणि शेतीच्या उत्पन्नावर तर केंद्राचा प्राप्तिकरच नाही. शिवाय 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली अमरावतीस जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो, आणि त्या पालकास सहा महिन्यांत मिळकतीची यादी व पुढे दरसाल हिशेब सादर करावा लागतो. धाकट्याकडे असा हिशेब कोण मागतो?

राहिली अनुदान बंद पडण्याची धास्ती. अमेरिकेत 1993 च्या कायद्याने दिव्यांगाच्या स्वतःच्या पैशाचा असा न्यास सरकारी साहाय्याच्या पात्रतेत धरत नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर मात्र उरल्या रकमेतून सरकार आपला वैद्यकीय खर्च वसूल करते. सौदा रोखठोक आहे. आपल्या शासनानेही तहसीलदारांस निःसंदिग्ध शब्दांत कळवावे, की न्यासातील वावर हे लाभार्थ्याचे उत्पन्न नव्हे, त्याच्या हाती प्रत्यक्ष पडलेली रक्कम तेवढी मोजावी. अचलपूर तालुक्यातील वझ्झरच्या आश्रमात शंकरबाबा पापळकरांनी ज्यांना आपले नाव दिले, त्या दिव्यांग अनाथांना वावर नाही आणि भाऊही नाही. त्यांच्यासाठी अठरा वर्षांनंतरच्या निवाऱ्याचा कायदा व्हावा, ही पापळकरांची मागणी वेगळी आणि अधिक निकडीची आहे. ज्यांच्याकडे वावर आहे, त्यांनी धाकट्याला विश्वस्त अवश्य करावे. फक्त एकट्याला करू नये, आणि त्याच्या जागी पुढे कोण येणार, हे त्याच दस्तऐवजात लिहून ठेवावे.

— ‘दप्तरी’, धामणगाव रेल्वे