बेटावरची माणसं आणि माझी लाल शाई

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन महिने लिहिणं बंद होतं. आता अक्षरं नीट दिसतात, म्हणून मनात साठलेलं एक लिहून टाकतो.

माझी धाकटी लेक आयर्लंडमध्ये असते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिने आम्हाला समुद्रकाठी नेऊन लांबून एक बेट दाखवलं. ग्रेट ब्लास्केट त्याचं नाव. एके काळी तिथे दीडशेच्या आसपास माणसं राहत. समुद्र खवळला की दिवसेंदिवस जगाशी संबंध तुटायचा. त्याच बेटावरच्या तोमास ओ'क्रोहन नावाच्या कोळ्याने मोठेपणी आपल्या आयरिश भाषेत लिहायला शिकून स्वतःची जीवनकथा लिहिली. ती 1929 साली छापली गेली. पेग सेअर्स या बाईंनी आपली कहाणी मुलाला सांगितली, त्याने ती उतरवून घेतली, आणि 1936 साली तिचंही पुस्तक झालं. पुढे तरुण मंडळी बेट सोडून गेली आणि 1953 साली सरकारने उरलेल्यांनाही किनाऱ्यावर आणलं. आज तिथे गाव नाही. पुस्तकं मात्र आहेत.

ते बेट बघताना मला आठवलं ते देगलूर तालुक्यातलं, लेंडी नदीकाठचं एक खेडं. तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली होती. पावसाळ्यात एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला ओढा. एसटी यायची नाही, टपाल यायचं नाही. तेही एक बेटच होतं म्हणा ना!

नांदेडहून मराठी घेऊन बी.ए. झालेलो, अंगात नवा जोश. मुलं 'पाऊस पडायलाय', 'मी जेवायलो' असं बोलत आणि तसंच वहीत लिहीत. मी लाल शाईने खोडून 'पडत आहे', 'जेवत आहे' करायचो. त्यात मला अभिमान वाटे. एक मुलगा फार छान गोष्टी सांगायचा. बैल, विहीर, आजी, सगळं डोळ्यापुढे उभं करायचा. मी त्याला दर वाक्याला अडवून 'शुद्ध बोल' म्हणायचो. हळूहळू तो वर्गात बोलायचाच बंद झाला. सातवीनंतर शाळेतूनही गेला. शाळा सोडण्याचं कारण गरिबी होतं हे मला कळतं, पण त्याचं बोलणं बंद होण्याचं कारण मी होतो.

पुढे काही वर्षांनी रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' कादंबरी हाती आली. ती 1971 सालची, म्हणजे मी कॉलेजात असतानाच निघालेली! पण साहित्य म्हणजे पुण्यामुंबईकडचं, ही आमची तेव्हाची समजूत. बोराडे सर लातूरजवळच्या काटगावचे. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत त्यांनी त्याच्या बायकोच्या तोंडून सांगितली आहे, आणि तीही आपल्या भागातल्या बोलीत. वाचताना मी थबकलो. जी भाषा मी वहीत खोडत होतो तीच इथे छापलेली होती, आणि तिच्यात एका बाईचं अख्खं दुःख मावलं होतं. ती बाई माझ्या वर्गात असती तर मी तिलाही दर वाक्याला अडवलं असतं.

म्हणून माझं मत असं की, अशा कोपऱ्यातल्या गावाचं चित्र काढणं एक आणि त्या गावाच्या भाषेत त्याला बोलू देणं वेगळं. पहिल्यात लेखक दुरून पाहतो. दुसऱ्यात गाव स्वतः सांगतं. बोराडे सर दुसऱ्या वाटेने गेले. 11 फेब्रुवारी 2025 रोजी ते गेले, तेव्हा मी 'पाचोळा' पुन्हा वाचायला काढली. ते घर, ती माणसं, तो काळ आता नाही. बोलणं तेवढं जसंच्या तसं ऐकू आलं.

काही जण म्हणतील, गुरुजी, मग काय परीक्षेत बोलीत उत्तरं लिहायची? तसं मी म्हणत नाही. अर्ज, परीक्षा, नोकरी यांसाठी प्रमाण मराठी यायलाच हवी. खेड्यातल्या मुलाला तर जास्तच, कारण त्याच्या पाठीशी दुसरं काही नसतं. पण नवी भाषा शिकवायला जुनी चूक ठरवावी लागत नाही. 'हे घरचं, हे परीक्षेचं' एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी ते सांगितलं नाही.

नुसतं पाठ्यपुस्तकात घालूनही भागत नाही बरं का. लेक सांगत होती, पेगबाईंचं पुस्तक तिकडे कित्येक वर्षं शाळेत सक्तीचं होतं आणि पोरं त्याचं नाव काढलं की वैतागायची. मुलाच्या तोंडची भाषा दाबायची आणि बोलीतला एक धडा गुणांसाठी पाठ करून घ्यायचा, यात काय हशील?

2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. पण तो मान ताम्रपटांइतकाच 'पाऊस पडायलाय' म्हणणाऱ्या पोराचाही आहे.

परवा माझा नातू लातूरहून आला आणि म्हणाला, "आजोबा, काय करायलाव?" सून त्याला दटावणार तोच मी म्हणालो, "लिहायलोय बाळा." तो हसला आणि मांडीवर येऊन बसला.

तुमच्याकडे घरात कसं बोलतात? आपल्या आईचा एखादा शब्द आठवत असेल तर जरूर कळवा. मी वही केली आहे. या वहीत लाल शाई वापरणार नाही.