मांडव उतरल्यावर

गेल्या महिन्यात आतेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला कोल्हापुरात होतो. आमच्याकडे कुठलंही कार्य असलं की दोन भांडणं ठरलेली. एक मानपानावरून आणि दुसरं फुटबॉलवरून. मानपानाचं आई मिटवते. फुटबॉलचं मिटत नाही, कारण ते दादा काढतो. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. जन्मापासून पाटाकडीलचा, आणि खंडोबाचा विषय काढला की याचा घास घशात अडकतो!

यंदाचा विषय होता २०३०. अहमदाबादला राष्ट्रकुल स्पर्धा मिळाली, पुढे २०३६च्या ऑलिम्पिकचे प्रयत्न चाललेत, आणि दादाच्या मते फुटबॉलचाही एखादा मोठा वर्ल्ड कप आपण ओढून आणलाच पाहिजे. "एकदा स्पर्धा दारात आली की टीम आपोआप सुधारतीय बघ. पैसा येतोय, ग्राऊंडं होत्यात, पोरं बघत्यात. हरू दे की पहिल्यांदा, शिकत्यात." पंगतीतले चार जण माना डोलवत होते. माझ्या पानात जिलबी पडत होती, म्हणून गप्प बसलो. पण दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून आता सविस्तर सांगतो. तुझं म्हणणं मला पटत नाही. आणि सगळ्यात आधी एक कबुली देतो : २०१७ साली मीसुद्धा अगदी हेच बोलत होतो.

आठवतंय ना? त्या वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला आपल्या सरकारने राज्यभर दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावलं. तुझा धाकटा तेव्हा दहा वर्षांचा. शाळेत नवेकोरे बॉल आले, फोटो निघाले, पोरगं घरी आलं ते गुडघे फोडूनच. मला इतका आनंद झाला की सेमीफायनलची तिकिटं काढून त्याला नवी मुंबईला घेऊन गेलो. २५ ऑक्टोबर, डी. वाय. पाटील स्टेडियम, स्पेन विरुद्ध माली. स्पेनने ३-१ने जिंकली. ते हिरवंगार गवत, ते दिवे, ती गर्दी! पोरगं डोळे फाडून बघत होतं. मध्यंतराला वडापाव खाता खाता मला विचारतंय, "काका, आपली टीम कधी हाय?"

आपली टीम १३ दिवसांपूर्वीच बाहेर गेली होती. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

तीन सामने, तीन पराभव. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. त्यातला तो कोलंबियाचा सामना मी जन्मभर विसरणार नाही. ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर मणिपूरच्या जीक्सन सिंगने डोक्याने गोल मारला. फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिलावहिला गोल. बरोबरी! आम्ही घरात सोफ्यावर उभे. आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने परत गोल केला. सोफ्यावरून उतरायलाही वेळ मिळाला नाही.

आता हे लिहितोय ते त्या पोरांना नावं ठेवायला नाही. उलट त्यांनी आपल्या लायकीपेक्षा जास्तच केलं. 'आपल्या' म्हणजे आपल्या व्यवस्थेच्या. आपल्या कोल्हापूरचा, रिक्षावाल्याचा पोरगा अनिकेत जाधव त्या संघात होता. अख्खं गाव टीव्हीपुढे बसलं होतं ते उगाच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. मांडव उतरल्यावर काय उरलं?

दादा म्हणेल, पोरं उरली की! खरं आहे. जीक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली, अनिकेत ही पोरं पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळली, काही जण भारताच्या मोठ्या संघातही गेले. पण ती घडली कशाने? तीन सामन्यांनी नाही. स्पर्धा मिळाल्यावर काही वर्षं त्यांना एकत्र ठेवलं, परदेशात खेळवलं, आणि स्पर्धा संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना इंडियन अॅरोज नावाच्या संघातून आय-लीगमध्ये उतरवलं. दर आठवड्याला थोराड गड्यांच्या लाथा खात खेळायला मिळालं. ते खरं शिक्षण. आणि तो अॅरोज संघ २०२२मध्ये बंद केला! म्हणजे कामाची जी एक गोष्ट होती तीच गुंडाळली. त्या पोरांमागच्या पोरांसाठी नळ बंद.

स्पर्धेला प्रेक्षक किती आले माहितेय? तेरा लाखांच्या वर. मुलांच्या त्या वर्ल्ड कपमधला तेव्हाचा विक्रम. भाषणं झाली की भारत हा आता फुटबॉलचा देश झाला. २०१७च्या जुलैत आपला पुरुष संघ फिफाच्या क्रमवारीत ९६वा होता. २०२५ सरता सरता तो १४०च्या आसपास घसरला. १४ ऑक्टोबर २०२५ला गोव्यात, फातोर्ड्याला, आधी गोल करूनही सिंगापूरकडून १-२ने हरलो आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. फातोर्डा म्हणजे २०१७च्या सहा मैदानांपैकीच एक, बरं का. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमचंही त्या वेळी रूपडं पालटलं होतं. डिसेंबर २०२५मध्ये तिथे मेस्सी आला, पैसे मोजून आलेल्या लोकांना तो धड दिसलाही नाही, आणि चिडलेल्या लोकांनी खुर्च्या उखडून मैदानात भिरकावल्या. बघायला आलेला देश, दुसरं काय!

मुलींचं तर बोलायलाच नको. ऑक्टोबर २०२२मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत भरवला. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा गोल खाल्ले, एकही मारला नाही. स्पर्धेच्या जेमतेम दोन महिने आधी तर फिफाने आपल्या महासंघालाच निलंबित केलं होतं, यजमानपद जातंय की राहतंय अशी वेळ आली होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! घोड्याच्या वैरणीची सोय करताना घरच्या लेकरांच्या दुधाचं काय झालं, ते कुणी विचारायचं नाही.

आता तुझा हुकमाचा एक्का. पंगतीत तू तो टाकलास आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या. "मग आपल्या पोरींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप घरच्या मैदानावर नाही काय जिंकला?"

जिंकला! २ नोव्हेंबर २०२५, त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर. मी रडलो त्या रात्री, खोटं कशाला सांगू. मधे सलग तीन सामने हरल्या होत्या, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९चा पाठलाग करून फायनल गाठली. घरच्या प्रेक्षकांचा त्यांना फायदा झाला? शंभर टक्के झाला.

पण दादा, तू २०१३ विसरलास. तेव्हाही महिलांचा वर्ल्ड कप भारतातच होता, मुंबई आणि कटकला. यजमान आपणच, प्रेक्षक आपलेच, खेळपट्ट्या आपल्याच. श्रीलंकेकडून १३८ धावांनी हरून आपण पहिल्याच फेरीत बाहेर. सातव्या क्रमांकावर राहिलो. आणि त्या स्पर्धेचे वानखेडेवरचे सामने दुसरीकडे हलवले होते, कारण तिथे पुरुषांची रणजी फायनल ठरली! घरच्या वर्ल्ड कपला घरचं मैदान मिळेना, एवढी त्यांची पत.

म्हणजे बघ, यजमानपद २०१३ला होतं आणि २०२५लाही होतं. एकदा सातवा क्रमांक, एकदा विश्वविजेतेपद. मग फरक कशाने पडला? मधल्या बारा वर्षांनी. त्या काळात महिलांना वार्षिक करार मिळाले, २०२२मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, २०२३पासून विमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली, आणि अव्वल परदेशी खेळाडूंशी दरवर्षी भिडायची सवय लागली. तयारी आधी झाली, मांडव नंतर पडला. म्हणून नवरी शोभली.

यजमानपद म्हणजे लग्नातला कर्णा. घरात जे गाणं चाललंय तेच तो गावभर ऐकवतो. सुरात असलं तर गाव डोलतं, बेसूर असलं तर गाव हसतं. कर्ण्याने कुणाचा गळा सुधारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

दक्षिण कोरियाचं उदाहरण देशील, देच. २००२च्या आधी पाच वर्ल्ड कप खेळून त्यांनी एकही सामना जिंकला नव्हता, आणि घरी एकदम चौथे आले. पण त्यांची व्यावसायिक लीग १९८३पासून चालू होती, आणि १९८६पासून प्रत्येक वर्ल्ड कपला ते पात्रता मिळवून जात होते. हिडिंक हा प्रशिक्षक वर्षभराहून जास्त काळ आधी आला आणि लीग थांबवून त्याला खेळाडू दिले गेले. गाणं घरात होतं! आणि उलटं बघायचं तर कतार. पैशाला तोटा नाही, अकादमी जगात नावाजलेली, २०१९चा आशियाई चषकही जिंकलेला. तरी २०२२ला घरच्या वर्ल्ड कपात तिन्ही सामने हरले. तिथे ही गत, तर आपण कुठल्या झाडाचा पाला?

माझा खरा आक्षेप मात्र याहून खोलवर आहे. यजमानाला फुकट प्रवेश असतो. पात्रता फेरी खेळावीच लागत नाही. आणि धडपडणाऱ्या संघाला नेमकी तीच तर खेळायची गरज असते! जी परीक्षा देता देता विद्यार्थी घडायचा, ती माफ करून आपण त्याला थेट पदवीदान समारंभात उभं करतो आणि वर म्हणतो, पोराला अनुभव मिळाला.

आपल्या महिला फुटबॉल संघाचंच बघ. जानेवारी २०२२मध्ये आशियाई चषक मुंबई-पुण्यात, यजमान म्हणून थेट प्रवेश. इराणशी ०-० झाली, मग संघात कोरोना शिरला, मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि आपण बाहेर. ते दुर्दैव, त्याचा दोष कुणाला देत नाही. पण पुढच्या वेळी यजमानपद नव्हतं. जुलै २०२५मध्ये त्याच संघाने थायलंडमध्ये जाऊन, दोन वर्ल्ड कप खेळलेल्या थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशियाई चषक गाठायची आपल्या महिलांची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी मांडव नव्हता, सनई नव्हती, आणि आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर एकानेही काही लिहिलं नाही. (मीपण नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.)

घरच्या मैदानाचा राग नाही माझा. नोव्हेंबर २०२५मध्ये अहमदाबादला आपल्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी इराणला २-१ने हरवून आशियाई चषक गाठला, तोही घरीच. पण ती पात्रता फेरी होती. हरले असते तर संपलं होतं. घरी खेळा, जरूर खेळा, पण फुकट नको.

आता तुझ्या धाकट्याबद्दल. तो चांगला खेळायचा, हे तूही मान्य करशील. तो का सुटला? अभ्यासामुळे नाही. शाळेच्या स्पर्धा 'हरलं की बाद'. पहिल्या फेरीत हरलं की वर्ष संपलं. बारा ते सोळा या वयात त्याला वर्षाला मोजून तीन-चार धड सामने मिळाले. जिथे फुटबॉल खरंच खेळला जातो तिथे या वयाची पोरं हंगामभर दर आठवड्याला सामना खेळतात. शाहू स्टेडियमवर तालमींची लीग होते, हजारो लोक येतात, ते आपलं वैभव आहे. पण बारा वर्षांच्या पोरांची लीग कुठाय? स्पर्धा आणायला जेवढा जोर लावतो त्याच्या पाव हिश्श्याने, प्रत्येक जिल्ह्यात वर्षभर चालणारी पोरापोरींची लीग उभी राहिली तर मी स्वतः तुझ्याबरोबर वर्ल्ड कप मागायला येईन. फेटा बांधून येईन.

असो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बूट राहिला म्हणून मी मांडवाकडे परत गेलो होतो. मैदान तुला माहितेय, धाकट्याच्या शाळेचंच, लग्नासाठी भाड्याने देतात. मंडपवाले खांब उपसून टेम्पोत भरत होते आणि मैदानभर वीतवीतभर खड्डे पडले होते. सात-आठ पोरं बॉल काखेत मारून बाजूला उभी होती. मंडपवाला गेल्यावर त्यांनी हातांनीच माती लोटून खड्डे बुजवायला सुरुवात केली. मी विचारलं, शाळेचे बॉल कुठायत रे? एक जण म्हणाला, "ते कपाटात असत्यात. हा माझा हाय."

बूट नाही सापडला. पण निदान चार खड्डे बुजवून आलो. दादा, पुढच्या रविवारी येतोय. भांडण तिथेच करू, येताना फावडं घेऊन ये.