गोळी फुकट, माहिती महाग

सरकारी उपकेंद्रात 'माला-एन' या संततिप्रतिबंधक गोळ्यांचे पाकीट फुकट मिळते. औषधाच्या दुकानात 'माला-डी' अल्प किमतीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळते. २०११ साली सुरू झालेल्या योजनेनुसार आशा कार्यकर्ती एका रुपयात महिन्याचे पाकीट घरी आणून देऊ लागली. एवढे सांगून शासन आपली जबाबदारी संपली असे मानते. परंतु पाकीट हातात पडण्यापूर्वी त्या स्त्रीचा रक्तदाब मोजला गेला काय, अर्धशिशी, क्षयाचे औषध किंवा अंगावरचे मूल यांविषयी तिला कोणी विचारले काय, हे प्रश्न या हिशेबात बसत नाहीत. पाकिटे मोजता येतात, प्रश्न मोजता येत नाहीत. जे मोजता येत नाही ते करायचे नाही, हा नोकरशाहीचा जुना धर्म आहे.

या गोळीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. 'माला'च्या पाकिटातील २८ गोळ्यांपैकी २१ संप्रेरकांच्या व ७ लोहाच्या असतात. गोळी नियमाने घेतली तर वर्षभरात हजारांतील सुमारे तीनच स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात, म्हणजे विसर, आजारपण आणि पुरवठ्यातील खंड धरून, हेच प्रमाण शंभरांत सुमारे सातपर्यंत जाते. या दोन आकड्यांमधले अंतर औषधाच्या दोषाने पडलेले नाही. ते माहितीच्या आणि पुरवठ्याच्या अभावाने पडलेले आहे, आणि त्याचा भुर्दंड सर्वस्वी स्त्रीच्या शरीरावर बसतो.

गोळी घातक आहे असे म्हणणाऱ्यांनी आकडे पाहावेत. गोळी न घेणाऱ्या व गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाकाठी सुमारे दोघींच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. 'माला'तील लेव्होनॉर्जेस्ट्रेल या प्रोजेस्टिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण पाच ते सात असते. गरोदरपणात व बाळंतपणानंतर ते याहूनही अधिक असते. शिवाय अंडाशयाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळीने कमी होतो आणि पाळीतील रक्तस्राव घटतो. रक्तक्षयाने ग्रासलेल्या देशात ही गोष्ट क्षुल्लक नाही. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असताना किंचित वाढतो, हेही लपवता कामा नये. तात्पर्य, बहुसंख्य निरोगी स्त्रियांना ही गोळी सुरक्षित आहे. पण 'बहुसंख्य' म्हणजे 'सर्व' नव्हेत, आणि उरलेल्या कोण हे ओळखण्याची जबाबदारी कोणाची, हाच खरा वाद आहे.

त्या ओळखण्यासाठी मोठे शास्त्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष स्पष्ट आहेत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल, तर ही संयुक्त गोळी सामान्यतः देऊ नये. पस्तिशी ओलांडलेली व विडी-सिगारेट ओढणारी स्त्री, पूर्वी रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेली स्त्री, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठणारी स्त्री, यकृताचा तीव्र विकार किंवा स्तनाचा कर्करोग असलेली स्त्री, यांनी ती घेऊ नये. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा आठवडे ती मुळीच घेऊ नये आणि सहा महिन्यांपर्यंत दुसरे साधन पाहावे. न पाजणारीनेही किमान तीन आठवडे थांबावे. ही यादी एका कागदाच्या पाठीवर मावते. रक्तदाब मोजण्यास दोन मिनिटे लागतात. एवढे जेथे होत नाही, तेथे साधनांचा नव्हे, आस्थेचा दुष्काळ आहे.

या यादीतील एक बाब तर कष्टकऱ्यांच्या पक्षाने कधीच विसरू नये. क्षयावरील उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध गोळीचा प्रभाव घटवते. उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतरही चार आठवडे केवळ या गोळीवर विसंबता येत नाही. मिरगीवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांचीही हीच कथा. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षय हा कोंदट खोलीचा, यंत्रमागाच्या शेडचा आणि अर्धपोटी संसाराचा रोग आहे. क्षयाचे औषध एका खात्याच्या नोंदवहीतून आणि गर्भनिरोधक गोळी दुसऱ्या खात्याच्या नोंदवहीतून जेथे दिली जाते, तेथे या दोन नोंदी एकाच स्त्रीच्या आहेत हे कोणी पाहावयाचे? गर्भ राहिल्यावर 'हिनेच गोळी चुकवली असेल' असा दोष मात्र तिच्या पदरी घालणे सोपे असते.

गोळी चुकली तर काय करावे, हेही सांगितले गेले पाहिजे. संप्रेरकाची एक गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्यावी व पुढची ठरल्या वेळी घ्यावी, मग त्या एकाच दिवशी दोन पडल्या तरी चालेल. सलग दोन किंवा अधिक चुकल्या तर एक गोळी ताबडतोब घेऊन क्रम चालू ठेवावा आणि पुढील सात दिवस निरोध वापरावा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल, तर लोहाच्या गोळ्या वगळून लागलीच नवे पाकीट सुरू करावे. पोटरीत एकाएकी सूज व वेदना, छातीत कळ, धाप, अभूतपूर्व डोकेदुखी, दृष्टीत बिघाड किंवा पोटात तीव्र वेदना जाणवल्यास गोळी थांबवून त्वरित दवाखाना गाठावा. उलट, पहिल्या दोन-तीन महिन्यांतील मळमळ किंवा अधूनमधून दिसणारे डाग बहुधा आपोआप थांबतात.

यावर अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते : एवढे सांगितले तर बायका घाबरतील आणि गोळी सोडतील. हा युक्तिवाद नवा नाही. १९५६ साली प्वेर्तो रिकोतील गरीब वस्तीत या गोळीची चाचणी झाली, तेव्हा स्त्रियांच्या मळमळीच्या व चक्करीच्या तक्रारी मनाचे खेळ म्हणून झटकल्या गेल्या. त्या वेळच्या गोळीत संप्रेरकांची मात्रा आजच्या कैक पटींनी जास्त होती. १९७० साली अमेरिकी सिनेटमध्ये गोळीच्या धोक्यांवर सुनावणी झाली. गोळी घेणारी एकही स्त्री साक्षीला का नाही, असा सवाल प्रेक्षागारातून स्त्रियांनीच केला. गोळीच्या पाकिटात माहितीपत्रक घालण्याची सक्ती झाली ती त्यानंतर. आजची गोळी कमी मात्रेची व अधिक सुरक्षित आहे, याचे श्रेय शास्त्रज्ञांइतकेच त्या प्रश्नकर्त्या स्त्रियांना आहे. डाग दिसतील आणि थांबतील हे जिला आधी सांगितले आहे ती धीर धरते. जिला सांगितलेले नाही ती घाबरून गोळी टाकते. म्हणजे गोळी सोडायला लावते ती माहिती नव्हे, माहितीचा अभाव.

बाजाराची तऱ्हा सरकारहून भली नाही. शहरी दुकानांत नव्या प्रोजेस्टिनच्या महाग गोळ्या 'आधुनिक' म्हणून खपतात. परंतु युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१३ साली घेतलेल्या आढाव्यानुसार ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांत गुठळीचे प्रमाण दहा हजारांत नऊ ते बारा आहे, म्हणजे जुन्या, स्वस्त लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीपेक्षा अधिक. काही स्त्रियांना अन्य कारणांसाठी ही औषधे लागतात, हे मान्य. तथापि जास्त किंमत म्हणजे जास्त सुरक्षितता हे समीकरण येथे खोटे ठरते. विकणाऱ्यास सर्व ठाऊक आणि घेणाऱ्यास काहीच ठाऊक नाही, अशा बाजारात 'ग्राहकाची निवड' हा शब्द वापरणे ही अर्थशास्त्राची थट्टा आहे.

सरकारी धोरणाचा खरा कल आकड्यांतून दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रीशस्त्रक्रियेवर अवलंबून होत्या. गोळी घेणाऱ्या सुमारे ५ टक्के होत्या आणि पुरुषशस्त्रक्रियेचे प्रमाण ०.३ टक्के होते. वापरत असलेल्या साधनाचे दुष्परिणाम ज्यांना सांगितले गेले अशा स्त्रिया शंभरांत सुमारे ६२ होत्या. अडतीस जणींना कोणी काही सांगितलेच नाही. आणीबाणीत पुरुषांवर केलेल्या सक्तीची किंमत १९७७ साली मतपेटीतून मोजावी लागली. त्यातून राज्यकर्ते एवढेच शिकले की पुरुषाला हात लावू नये. १९९६ साली साधननिहाय उद्दिष्टे कागदोपत्री रद्द झाली. तरीही २०१४ साली बिलासपूर जिल्ह्यात एका डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या आणि तेथील शिबिरांनंतर किमान तेरा जणींचा बळी गेला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयास ही शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. जी यंत्रणा स्त्रीकडे एकदाच पाहून सुटका करून घेऊ इच्छिते, तिला गोळी गैरसोयीचीच वाटणार. कारण गोळी घेणारी स्त्री पुन्हा येते आणि पुन्हा विचारते.

आपल्याच गोटातील काहींचाही समाचार घेतला पाहिजे. संप्रेरकांचे प्रत्येक साधन हा साम्राज्यवादी कट आहे, असे मानणारी एक परंपरा डाव्या चळवळीत आहे. तिचा संशय निराधार नव्हता. १९८५ साली हैदराबादजवळ पटणचेरू येथे नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीसाठी आणलेल्या स्त्रियांना हा प्रयोग आहे हे पुरते सांगितलेच नव्हते, आणि स्त्रीसंघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. पण त्या लढ्याचा गाभा संमतीचा व माहितीचा होता. इंजेक्शनचा परिणाम काही आठवडे काढून टाकता येत नाही. गोळी मात्र स्त्री आज रात्री स्वतःच्या हाताने बंद करू शकते. हा फरक न ओळखणारा विरोध अखेर तिच्या हातातील एक साधन काढून घेतो आणि धर्ममार्तंडांच्या पंक्तीला जाऊन बसतो. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे याच कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९३८ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला व तो बहुमताने फेटाळला गेला. हा वारसा लोकसंख्येच्या बागुलबुवाचा नाही, स्त्रीच्या मुक्ततेचा आहे. तो समाजवाद्यांनी इतरांच्या हाती सोडू नये.

यास्तव मागण्या साध्या आहेत. प्रत्येक उपकेंद्रात चालू स्थितीतील रक्तदाबमापक असावा आणि पहिल्या पाकिटापूर्वी व नंतर ठरावीक काळाने रक्तदाब मोजला जावा. क्षयाचे औषध देताना गर्भनिरोधनाची चौकशी व्हावी. कोण घेऊ नये, चुकल्यास काय करावे आणि धोक्याची लक्षणे कोणती, याचे सोप्या मराठीतील व तेथील बोलीतील पत्रक प्रत्येक पाकिटासोबत असावे. निरक्षर स्त्रीला ते वाचून दाखवले जावे आणि त्या कामाचा मोबदला आशा कार्यकर्तीस मिळावा. पाकिटांचा पुरवठा एक महिनाही खंडित होऊ नये. ज्यांना ही गोळी वर्ज्य आहे त्यांना तांबी, निरोध किंवा संप्रेरकरहित 'छाया' गोळी यांतून खरी निवड मिळावी. आणि गोळीने गुप्तरोगांपासून व एड्सपासून संरक्षण मिळत नाही, म्हणून निरोधाची जबाबदारी पुरुषाने उचलावी, हे पुरुषांच्या सभेत पुरुष कार्यकर्त्यांनीच सांगावे.

यांतील एकाही मागणीस परकीय कर्ज किंवा पंचतारांकित इस्पितळ लागत नाही. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या उपकेंद्रात जाऊन एवढेच विचारावे : येथे रक्तदाबमापक आहे काय, तो चालतो काय आणि शेवटचा कोणाला लावला? उत्तर न मिळाल्यास आंदोलनाचा पहिला मुद्दा हाती आला असे समजावे.