कुळ कोणतं?

पीएच.डी.च्या अर्जात एक रकाना असतो. संशोधनाची प्रेरणा. वनस्पतीशास्त्राला अर्ज करणारा जो तो तिथं लिहितो, लहानपणापासून निसर्गाची ओढ. माझ्या मायनं अख्खी जवानी दुसऱ्याच्या रानात लव्हाळा खुरपण्यात घालवली. तिला ओढबिढ काही लागली नाही, कंबर मात्र गेली. लव्हाळा वरून कापला की मातीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो, हे ती पुस्तक न उघडता सांगते. मी संशोधनाचा विषय तोच लिहिला.

मुलाखतीला समोर तीन विद्वान. लव्हाळ्याचं कुळ कोणतं? सायपरेसी, म्हटलं. लोक गवत म्हणतात पण ते गवत नव्हे, खोड तिकोनी असतं. झालं, लव्हाळा तिथंच संपला. मग आडनाव हेच का? मूळ गाव? वडील काय करतात? झाडाच्या कुळाला एक प्रश्न नि माझ्या कुळाला तीन. वर्गीकरणशास्त्र म्हणतात ते हेच काय?

लेखी परीक्षेत आपली पोरं उत्तरं लिहितात, पेपराला आडनाव नसतं. म्हणून तर मुलाखत लागते ह्यांना. 2024 पासून यूजीसीनं नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला धरले. नुसती प्रवेशापुरती नेट पास झालात तर परीक्षेला 70 टक्के वजन, मुलाखतीला 30. आणि त्याहून भारी पेपर लिहून जेआरएफ काढलीत तर प्रवेश मुलाखतीवर! म्हणजे जितके हुशार निघाल तितके जास्त त्या तिघांच्या हातात. राखीव जागा आहेच की, असं म्हणतील. असते ना. वर शेरा पडतो, योग्य उमेदवार मिळाला नाही.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' 1981 साली आलं. बक्षीस म्हणून शाळाशाळांतून वाटतात. शेंगदाण्याचा जादूगार म्हणून ह्यांना तो फार गोड लागतो. त्याच कार्व्हरचा अर्ज कान्ससच्या हायलंड कॉलेजनं टपालानं मंजूर केला होता. तो दारात उभा राहिला, कातडी दिसली, हाकलला. कागदावर पास, तोंडावर नापास. आयोवाच्या कृषी महाविद्यालयात शिरायला त्याला 1891 उजाडलं, मास्टर्स 1896 ला. मधली वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची? कार्व्हरवर टाळ्या वाजवणारेच इथं मुलाखतीच्या खुर्चीत बसतात.

आडनाव झाका. प्रश्नोत्तरं ध्वनिमुद्रित करा. परीक्षेचे गुण तिघांना आधी दाखवू नका नि मुलाखतीचे गुण त्याच दिवशी फळ्यावर लावा. ह्यात सवलत कुठं आली?

आणि तुम्ही, नापास झालात म्हणून गप गावाकडं जाऊ नका. माहितीच्या अधिकारात गुण मागा, प्रत्येक उमेदवाराचे, परीक्षेचे वेगळे नि मुलाखतीचे वेगळे. मी अर्ज टाकलाय. उत्तराला कायद्यानं 30 दिवस आहेत.